एचसीआरने मायक्रोआरएनए शोधताना: आधी ब्लँक शांत करा

प्रयोगशाळेत नवीन विद्यार्थी आला की मी त्याला पहिल्या आठवड्यात एकच काम देते. दोन हेअरपिन (स्वतःवरच दुमडलेले डीएनएचे धागे) एका ट्यूबमध्ये मिसळायच्या, तिसरं काहीही घालायचं नाही (हाच ब्लँक), रात्रभर तशाच ठेवायच्या आणि सकाळी जेलवर, म्हणजे रेणू लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरात, बघायच्या. हेअरपिनचा स्वच्छ पट्टा खाली दिसला तर पुढे जायचं. वर धुरकट रेघ चढलेली दिसली तर थांबायचं. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, कारण त्यांना चमकणारी ट्यूब बघायची घाई असते. पण आजाराच्या खुणा अगदी कमी प्रमाणात शोधण्याचं सगळं कौशल्य त्या न चमकणाऱ्या ट्यूबमध्ये आहे. सिग्नल दहापट वाढवताना गळतीही (लक्ष्य नसताना येणारा खोटा सिग्नल) दहापट वाढली, तर हाती काहीच लागत नाही.

हा लेख एमएस्सी, एमटेक किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून मी मिर-२१ हा मायक्रोआरएनए (सुमारे २२ अक्षरांचा छोटा आरएनए) घेतला आहे आणि पद्धत म्हणून हायब्रिडायझेशन चेन रिअॅक्शन, म्हणजे एचसीआर.

लक्ष्य वाढवायचं की सिग्नल?

पीसीआरमध्ये आपण लक्ष्याच्याच, म्हणजे जो रेणू शोधायचा त्याच्याच, प्रती काढतो. दर फेरीला दुप्पट, म्हणजे ३० फेऱ्यांनंतर एका रेणूचे जवळपास १०७ कोटी. लॅम्प या दुसऱ्या पद्धतीतही लक्ष्याच्या प्रतीच निघतात, फक्त फेऱ्या नसतात आणि तापमान ६० ते ६५ अंशांवर स्थिर. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट यंत्र क्षयरोगासाठी वापरतात, तेही चिपवर पीसीआरच करतं. सिग्नल वाढवण्याच्या पद्धतीत लक्ष्य आहे तेवढंच राहतं, त्याच्याभोवती दिसणारी खूण मोठी होते. १९९०च्या दशकात एचआयव्हीचा व्हायरल लोड मोजण्यासाठी वापरलेली ब्रँच्ड डीएनए चाचणी याच जातीची. लक्ष्याच्या प्रती तयारच होत नसल्यामुळे मागच्या प्रयोगातल्या प्रती हवेतून उडून नव्या ट्यूबमध्ये पडण्याची भीती इथे फार कमी असते. पीसीआर करणाऱ्यांची झोप त्याच भीतीने उडालेली असते.

एचसीआर २००४ मध्ये कॅलटेकच्या रॉबर्ट डर्क्स आणि नाइल्स पिअर्स यांनी मांडली. एन्झाइम लागत नाही, तापमान वर-खाली करणाऱ्या थर्मोसायकलरच्या फेऱ्या लागत नाहीत, खोलीच्या तापमानाला चालते. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिनांची माळ आठवा. दोन प्रकारच्या पिना आहेत आणि सगळ्या बंद आहेत. बाहेरून एक धागा येतो आणि पहिली पिन उघडतो. तिचं उघडं टोक दुसऱ्या प्रकारची पिन उघडतं, आणि त्या दुसरीचं उघडं टोक हुबेहूब पहिल्या धाग्यासारखं असतं. मग माळ वाढत जाते, पिना संपेपर्यंत. तो पहिला धागा म्हणजे आपला मिर-२१.

पायरी १: हेअरपिनची आखणी

इथे वेळ घाला. इथली चूक पुढे कुठल्याही बफरने दुरुस्त होत नाही.

मिर-२१ मध्ये २२ अक्षरं आहेत. आरएनएतल्या यूच्या जागी टी लिहून त्याचे ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे (धाग्याच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे) दोन तुकडे करू. पहिल्या १६ अक्षरांना ‘ब’ म्हणू: टी-ए-जी-सी-टी-टी-ए-टी-सी-ए-जी-ए-सी-टी-जी-ए. शेवटच्या ६ अक्षरांना ‘अ’ म्हणू: टी-जी-टी-टी-जी-ए. तिसरा ६ अक्षरांचा तुकडा ‘क’ आपण बाहेरून घेऊ: सी-ए-ए-ए-जी-टी. प्रत्येक तुकड्याच्या उलट-पूरक (ए-टी आणि जी-सी जोड्या जुळवून उलटा लिहिलेल्या) क्रमाला अ-पूरक, ब-पूरक, क-पूरक म्हणू.

आता पहिली हेअरपिन ५ प्राइमकडून लिहा: अ-पूरक, ब-पूरक, क, ब. मधले ब-पूरक आणि ब एकमेकांना बिलगतात आणि दांडा बनतो, क त्याच्या डोक्यावरचा फासा होतो, आणि अ-पूरक शेपटीसारखा मोकळा राहतो. ही मोकळी शेपटी म्हणजे टोहोल्ड, मिर-२१ ला पाय रोवायची जागा. दुसरी हेअरपिन: ब, अ, ब-पूरक, क-पूरक. दोन्ही ४४ अक्षरांच्या.

कागदावर पडताळून बघा. मिर-२१ चा अ पहिल्या हेअरपिनच्या टोहोल्डवर बसतो, ब दांड्यात घुसतो आणि आतला ब बाहेर फेकला जातो. मोकळं होतं ते क आणि ब. दुसऱ्या हेअरपिनचा टोहोल्ड आहे क-पूरक, त्यामुळे हे टोक तिला उघडतं. तिच्यातून मोकळं होतं ब आणि अ, म्हणजे पुन्हा मिर-२१ चाच क्रम. साखळी जुळली. हे हाताने न करता थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकणारे विद्यार्थी हमखास एखादा तुकडा उलटा मागवतात. म्हणून आधी पेन्सिल घ्या, मग न्यूपॅक या सॉफ्टवेअरमध्ये घड्या तपासा.

टोहोल्ड ६ अक्षरांचाच का? डेव्हिड झांग आणि एरिक विन्फ्री यांनी २००९ मध्ये दाखवलं की टोहोल्ड लांबवत गेलं की धागा बदलण्याचा वेग लाखो पटींनी वाढतो आणि साधारण ६-७ अक्षरांशी येऊन स्थिरावतो. त्याहून लांब केला तर वेग फारसा वाढत नाही, गळती मात्र वाढते.

मिर-२१ ची एक खोड आहे. ब मधली शेवटची नऊ अक्षरं, टी-सी-ए-जी-ए-सी-टी-जी-ए, स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीशी उलटी जुळवून बघा. नऊपैकी आठ जोड्या जुळतात, फक्त मधला ए अडतो. म्हणजे दोन हेअरपिन स्वतःत मिटण्याऐवजी एकमेकींना बिलगू शकतात. यावरचा उपाय तिसऱ्या पायरीत येईल.

लक्ष्य जवळच्या भावंडांपासून वेगळं काढायचं असेल तर फरक कुठे आहे ते बघा. लेट-७ए आणि लेट-७सी या दोन मायक्रोआरएनएंमध्ये फक्त १९वं अक्षर वेगळं आहे, एच्या जागी जी. आपल्या आखणीत १७ ते २२ हा भाग टोहोल्डवर बसतो, म्हणजे फरक योग्य जागी आला. पण हेअरपिन लेट-७ए साठी केली, तर तिथे असलेला टी लेट-७सीच्या जीशीही ढिली जोडी जमवतो. उलट हेअरपिन लेट-७सीसाठी केली, तर तिथे सी येतो आणि तो लेट-७एच्या एला जवळ करत नाही. एकाच जोडीत एका दिशेने वेगळेपणा चांगला मिळतो, दुसऱ्या दिशेने कमी. लेट-७एफचा फरक १२व्या अक्षराशी, दांड्याच्या मधोमध आहे. तिथे चुकीची जोडी आली तर धागा अडखळतो, पण बऱ्याचदा निभावून नेतो.

पायरी २: ऑलिगो मागवताना पैसे वाचवू नका

रासायनिक पद्धतीने ४४ अक्षरांचा डीएनए, म्हणजे ऑलिगो, बनवताना ४३ जोडण्या होतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तरी पूर्ण लांबीचे रेणू उरतात ६५ टक्के. बाकीचे तोकडे. संश्लेषण ३ प्राइमकडून सुरू होतं, म्हणून अक्षरं गळतात ती ५ प्राइम टोकाची. पहिल्या हेअरपिनमध्ये त्या टोकाला टोहोल्ड आहे, तो गेला तर ती हेअरपिन मुकी होते, एवढंच. दुसऱ्या हेअरपिनमध्ये त्या टोकाला दांड्याची एक बाजू आहे. ती झिजली की समोरचा ब-पूरक उघडा पडतो, टोहोल्ड आपोआप लांबतो आणि लक्ष्य नसतानाही माळ ओवली जाते.

माझा पहिला महिना याच्यातच गेला. स्वस्त म्हणून साधे, फक्त मीठ काढलेले ऑलिगो मागवले होते. बफर बदलला, तापमान बदललं, मीठ कमी केलं, तरी ब्लँकमध्ये धूर येतच राहिला. शेवटी तेच क्रम पेज-शुद्ध (जेलवर लांबीप्रमाणे निवडलेले) करून मागवले आणि एका रात्रीत धूर गेला. पुरवठादाराचा दोष नव्हता, मागणीच मी चुकीची केली होती. पेज-शुद्धच मागवा. ते परवडत नसेल तर प्रयोगशाळेतच जेलवर चालवून योग्य पट्टा कापून घ्या.

सोबत मिर-२१ चा डीएनए रूपातला क्रम, आरएनए रूपातला क्रम, एक अक्षर बदललेला क्रम आणि काहीही संबंध नसलेला २२ अक्षरांचा क्रमही मागवा. पहिले काही आठवडे डीएनए रूपावरच काम करा. स्वस्त पडतं, टिकतं, आणि पट्टा आला नाही तर आरएनए सडला असेल का ही शंका राहत नाही.

पायरी ३: हेअरपिन मिटवणं

प्रत्येक हेअरपिन वेगळ्या ट्यूबमध्ये, ५ पट एसएससी बफरमध्ये २ मायक्रोमोलर करा. या बफरमध्ये ०.७५ मोलर मीठ आणि ७५ मिलिमोलर सायट्रेट असतं, पीएच ७. ९५ अंशांवर २ मिनिटं ठेवा, मग थेट बाहेर काढून खोलीच्या तापमानाला तासभर ठेवा.

एक एक अंश उतरवत सावकाश थंड करायचा मोह होतो, कारण बाकी सगळीकडे तसंच शिकवलेलं असतं. इथे तसं करू नका. झटकन थंड झालं की हेअरपिन शेजारणीला भेटण्याआधी स्वतःत मिटते. रेणू कमी असले की शेजारीणही लांब असते, म्हणून २ मायक्रोमोलर. वर सांगितलेल्या नऊ अक्षरांच्या खोडीला हाच उपाय. मिटवलेल्या हेअरपिन त्याच दिवशी वापरा.

पायरी ४: पहिलं जेल

पहिली हेअरपिन ९ मायक्रोलिटर, दुसरी ९ मायक्रोलिटर, लक्ष्य २ मायक्रोलिटर. लक्ष्याचे साठे १०, २.५, १ आणि ०.५ मायक्रोमोलर ठेवले तर ट्यूबमध्ये ते दहाव्या हिश्शावर येतात. ब्लँकमध्ये लक्ष्याऐवजी तेवढाच बफर. २५ अंशांवर ४ तास. मग २ टक्के अॅगरोज, टीबीई बफर, ८० ते १०० व्होल्ट, पाऊण-एक तास. लोड करण्याआधी गरम करू नका आणि फॉर्मामाइड असलेला डाय वापरू नका, नाहीतर ओवलेली माळ तुम्हीच तोडाल. मीठ जास्त असल्यामुळे पट्टे थोडे वाकतील. सगळ्या लेनमध्ये मीठ सारखं असलं की झालं.

लेन अशा लावा: लॅडर (लांबी ओळखायचा मापाचा डीएनए), पहिली हेअरपिन एकटी, दुसरी एकटी, पहिली आणि लक्ष्य, दोन्ही हेअरपिन ४ तास, दोन्ही हेअरपिन रात्रभर (ही ट्यूब आदल्या संध्याकाळी लावायची), आणि मग लक्ष्य वाढवत नेलेल्या चार लेन.

वाचताना आधी ब्लँक बघा. तो स्वच्छ असेल तर पहिली हेअरपिन आणि लक्ष्य ही लेन बघा. तिथे पट्टा वर सरकला नसेल तर टोहोल्ड किंवा क्रमात चूक आहे. तो सरकलाय पण दोन्ही हेअरपिन असलेल्या लेनमध्ये माळ नाही, तर दोष दुसऱ्या हेअरपिनचा. आणि एक गोष्ट बघून विद्यार्थी दरवेळी गोंधळतात: लक्ष्य जास्त घातलं की माळ लांब होण्याऐवजी आखूड होते. बरोबरच आहे. पिना तेवढ्याच आणि ओवायला धागे जास्त, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी पिना. लक्ष्य कमी असलेल्या लेनमध्ये पट्टे फिके पण उंच दिसले तर रसायन नीट चाललं आहे.

रात्रभराच्या ब्लँकमध्ये धूर आला तर उपाय या क्रमाने करा: शुद्धता, पुन्हा मिटवणं, हेअरपिनचं प्रमाण निम्म्यावर आणणं, मग मीठ. एका वेळी एकच.

पायरी ५: आरएनए आणि पातळ द्रावणं

आता आरएनए रूप काढा. ग्लव्हज, फिल्टर टिप, आरएनएज-मुक्त पाणी (आरएनएज म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम), साठा उणे ८० अंशांवर, आणि छोटे छोटे भाग करून. हे सगळ्यांना माहीत असतं. जे कोणी सांगत नाही ते असं की नॅनोमोलरच्या खाली गेलं की आरएनए ट्यूबच्या भिंतीला चिकटतो. तुम्ही वहीत १ पिकोमोलर लिहिता आणि ट्यूबमध्ये त्याच्या निम्मंही नसतं. लो-बाइंड ट्यूब घ्या, बफरमध्ये ०.१ टक्का ट्वीन-२० घाला, सोबत थोडा यीस्ट टीआरएनए वाहक म्हणून ठेवा, आणि प्रत्येक पायरीला नवी टिप. वाहक ब्लँकमध्येही तेवढाच घालायचा.

पायरी ६: जेलकडून फ्लुरोसन्सकडे

जेलवर आकडे काढता येतात, पण विश्वासाने नाही. ग्राफिन ऑक्साइडची, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पत्र्यांची, पद्धत मला नवशिक्यांसाठी सोयीची वाटते. दोन्ही हेअरपिनच्या टोहोल्डच्या टोकाला फॅम हा चमकणारा रंग लावून मागवा: पहिलीला ५ प्राइमला, दुसरीला ३ प्राइमला. बंद हेअरपिनची मोकळी शेपटी ग्राफिन ऑक्साइडला चिकटते आणि तिचा प्रकाश विझतो. माळ झाली की शेपट्या जोडीत बसतात, लांब दुहेरी डीएनए चिकटत नाही, प्रकाश टिकतो. ४९० नॅनोमीटरच्या आसपास उजेड टाका, ५२० ला वाचा. इथे हेअरपिन १०० ते २०० नॅनोमोलर पुरतात.

ग्राफिन ऑक्साइड किती घालायचं हे कुठल्याही पेपरमधून उचलू नका, प्रत्येक लॉट वेगळा असतो. ब्लँक घ्या, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या टप्प्यांनी वाढवत जा, आणि प्रकाश जिथे तळाला टेकतो तिथे थांबा. त्याहून जास्त घातलं तर माळाही ओढल्या जातात. सीरम थेट घालू नका. त्यातली प्रथिनं ग्राफिन ऑक्साइडवर जागा बळकावतात, हेअरपिन सुटतात आणि लक्ष्य नसतानाही ट्यूब चमकते. आधी आरएनए काढून घ्या.

पायरी ७: किमान किती दिसतं हे प्रामाणिकपणे काढा

कमीत कमी २० ब्लँक, तीन वेगवेगळ्या दिवशी, दरवेळी हेअरपिन नव्याने मिटवून. त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. सरासरी अधिक १.६४५ गुणिले ब्लँकचं विचलन, ही ब्लँकची मर्यादा. तिच्यात अगदी कमी लक्ष्य असलेल्या नमुन्यांच्या विचलनाची १.६४५ पट मिळवली की शोधमर्यादा मिळते. समजा ब्लँकची सरासरी १००, विचलन ४, कमी नमुन्यांचं विचलन ५. ब्लँकची मर्यादा १०६.६ आणि शोधमर्यादा साधारण ११४.८. या आकड्याच्या वर सातत्याने येणारं सगळ्यात कमी प्रमाण कोणतं, ते तुमचं उत्तर. एका दिवसाच्या तीन ब्लँकवरून काढलेली शोधमर्यादा सुंदर दिसते, पण दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

रेणू मोजायचीही सवय लावा. १ फेम्टोमोलर म्हणजे मायक्रोलिटरला सुमारे ६०० रेणू. १ अॅटोमोलरच्या १० मायक्रोलिटरमध्ये ६. त्याच्याही दहाव्या हिश्शात सरासरी ०.६, म्हणजे निम्म्याहून जास्त ट्यूबांमध्ये एकही रेणू नसणार. तुमची पद्धत तिथेही दरवेळी होकार देत असेल तर ती लक्ष्य मोजत नाहीये.

साध्या एचसीआरची मजल नॅनोमोलरपासून पिकोमोलरपर्यंत आहे, कारण एक धागा एकच माळ ओवतो. प्लाझ्मातले मायक्रोआरएनए बऱ्याचदा फेम्टोमोलरच्या घरात असतात. मग आधी कॅटॅलिटिक हेअरपिन असेंब्ली जोडावी लागते, जिच्यात लक्ष्य काम करून सुटतं आणि पुढच्या हेअरपिनकडे जातं, किंवा फाय-२९ पॉलिमरेज या एन्झाइमने रोलिंग सर्कल, म्हणजे गोल डीएनएवरून फिरत लांब धागा काढणं, करावं लागतं. प्रत्येक जोड आपली गळती सोबत घेऊन येते. म्हणून प्रत्येक थराचा ब्लँक वेगळा लावा, मग एकत्र.

पायरी ८: खरे नमुने

सुरुवात रक्तापासून नको, पेशींपासून करा. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत मिर-२१ भरपूर असतो आणि पेशीरेषा पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. त्यांचा आरएनए काढा, दुप्पट-दुप्पट पातळ करा, सिग्नल त्याच प्रमाणात उतरतो का ते बघा. मग माहीत असलेलं कृत्रिम मिर-२१ त्यात घाला आणि तेवढंच परत सापडतं का ते तपासा. तोच आरएनए क्यूपीसीआरवरही (प्रती मोजणाऱ्या पीसीआरवर) मोजा.

रक्तासाठी आधी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता घ्या, आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे. हेपरिनची नको, ईडीटीएची ट्यूब घ्या, हेपरिन क्यूपीसीआर बंद पाडतो. दोन तासांच्या आत दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढा. ४१४ नॅनोमीटरला वाचन घ्या, तिथे हिमोग्लोबिनचं शिखर दिसलं तर लाल पेशी फुटल्या आहेत आणि नमुना बाद. तुलनेसाठी मिर-१६ वापरणाऱ्यांनी हे विशेष जपावं, कारण तो लाल पेशींतच ठासून भरलेला असतो. आरएनए काढताना किती हाती लागला ते कळावं म्हणून, लायसिस बफर (प्रथिनं मोडणारा) घातल्यानंतर सेल-मिर-३९ ठरावीक प्रमाणात घाला. बफरच्या आधी घातला तर प्लाझ्मातले आरएनएज तो काही क्षणांत खाऊन टाकतात. हा मायक्रोआरएनए सी. एलेगन्स या कृमीचा आहे, माणसात नसतो. याच कृमीत १९९३ मध्ये पहिला मायक्रोआरएनए सापडला आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

मिर-२१ अनेक प्रकारच्या कर्करोगांत वाढतो आणि सूज असतानाही वाढतो. त्यामुळे एका आकड्यावरून कुणाला काही सांगायचं नाही, नमुना घरच्या माणसाचा असला तरी नाही.

पहिले वीस खरे नमुने तुम्ही स्वतः लावू नका. शेजारच्या बाकावरच्या कुणालातरी त्यांना क्रमांक द्यायला सांगा, मधे पाच ब्लँक मिसळायला सांगा, आणि यादी त्याच्याच कपाटात राहू द्या. सगळी वाचनं वहीत शाईने लिहून झाली की मगच ती यादी मागा, आणि सर्वात आधी त्या पाच क्रमांकांवर बोट ठेवा.